तूंगुमूंजीखालची जमीन

गुम्मिडिपूंडीच्या एका लोखंडाच्या कारखान्यात मी भट्टीवर होतो. पुढून भट्टी भाजायची, मागून मद्रासचं ऊन. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पत्र्याच्या शेडमागे भिंतीला टेकून बसायचो आणि सावली सरकेल तसे डबा उचलून सरकायचो. उभं आयुष्य असं काढल्यावर सावली म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, तेही गुरुजी गावात असतील तेव्हाच. बाकी विषयांत मला कुणीही हरवावं. या एका विषयात मी ऐकून घेत नाही.

आता आम्ही दोघं मुलाकडे राहतो, नुंगंबाक्कमला, तळमजल्यावर. मागचं दार उघडलं की समोर एक थोरलं झाड. इथली माणसं त्याला तूंगुमूंजी म्हणतात. म्हणजे झोपाळू तोंडाचं. नाव बरोबर ठेवलंय. दिवस मावळला की ते पानं मिटून घेतं, आणि आभाळ भरून आलं तरी मिटतं, त्यामुळे पाऊस फांद्यांत न अडकता सरळ खाली येतो. त्याच्याखाली इमारतीच्या लांबीची जमिनीची एक पट्टी आहे. तिथे माझी वेताची खुर्ची. मे महिन्यात सगळी इमारत खिडक्या लावून एसीत बसते तेव्हा मी तिथे बनियनवर बसतो, आणि मला काही होत नाही.

एकदा पोंगल, म्हणजे इथली संक्रांत, झाल्यावर असोसिएशनची मीटिंग भरली, त्याच झाडाखाली. सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेला तमिळ माणूस, माझ्याहून वयानं लहान, बोलायला मऊ. त्यानं सांगितलं, मागच्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक घालायचे. गाड्या लावायला जागा होईल, चिखल होणार नाही, डास कमी होतील.

मी उठून उभा राहिलो. माझं तमिळ कारखान्यातलं आहे, त्यात मान-पान जरा कमी असतो.

"झाडाच्या नाकातोंडावर सिमेंट घालणार का? पाणी जाईल कुठे? माझ्या घरात?"

"पेरियवरे," तो म्हणाला. मोठ्या माणसाला इथे असं म्हणतात, आणि ऐकायचं नसेल तेव्हा जास्तच म्हणतात. "झाड राहील. आम्ही तोडत नाही. पण ही उघडी माती किती दिवस ठेवायची? इथे गवतसुद्धा धरत नाही. सावलीत काय उगवतं?"

"उगवतं."

"काय?"

काय ते मला माहीत नव्हतं. पण तोंडातून शब्द निघून गेला होता. मी म्हणालो, "पुढच्या पोंगलला इथे माती दिसली तर तुमचे ब्लॉक घाला. मी एक शब्द बोलणार नाही. खुर्चीसुद्धा उचलून नेईन."

सगळे हसले. सेक्रेटरीनं ते लिहून घेतलं नाही, पण मान हलवली. माझ्यासारख्याला तेवढं पुरतं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "बोललात? आता रात्री झोप नाही लागणार तुम्हाला." मला झोप उत्तम लागली. शब्द दिल्यावर मला नेहमी चांगली झोप लागते. काय करायचं ते ठरलेलं असतं ना.

आमची मुलगी इंग्लंडात असते. आठवड्याला फोनवर तोंड दाखवते. त्या रविवारी तिनं फोन घेऊन मागच्या अंगणात नेला. तिथे मोठाली झाडं, अजून पान नाही, आणि खाली जमिनीवर जिकडे पाहावं तिकडे फिकट पिवळी फुलं. दुधात चिमूटभर हळद घालावी, तसा रंग.

"प्रिमरोज म्हणतात याला, बाबा. मी काही करत नाही. सावलीत आपोआप पसरतं. बर्फ पडला तरी मरत नाही."

मी म्हटलं, झालं. बर्फात जे मरत नाही ते उन्हात कशाला मरेल? कणखर ते कणखर. मुलगी म्हणाली, "बाबा, मद्रासला नाही हो ते जगायचं." पण माझं ठरलं होतं. मुलगा ऑफिसच्या माणसांबरोबर उटीला निघाला होता. मी त्याला बजावलं, चहा आणू नको, चॉकलेट आणू नको, हे फूल आण. तिथल्या नर्सरीत मिळालं. रोपं कुंड्यांसकट मांडीवर धरून तो रात्रभर रेल्वेनं आला, आणि घरात शिरल्या शिरल्या बाकी काही न बोलता आंघोळीला गेला.

मी ती रोपं झाडाच्या बुंध्याजवळ, सगळ्यात गार जागी लावली. आठवडाभर बरी दिसली. दोन फुलंही आली. वरच्या मजल्यांवरून माणसं वाकून बघायला लागली आणि मी खुर्ची जरा बाजूला सरकवली, त्यांना नीट दिसावं म्हणून. मग हवा बदलली. पानं दुपारी मान टाकायची, संध्याकाळी उचलायची. पुढे संध्याकाळी उचलेनात. मी ओलं गोणपाट टांगलं. ओल्या गोणपाटानंही भागेना, तेव्हा फ्रीजमधला बर्फ आणून मुळांशी ठेवायला लागलो.

बायको दारात उभी राहून बघत होती. "सरबत करताय का त्याचं?"

"थंडीतलं आहे ते. त्याला थंडी पाहिजे."

"मग त्याला आत आणा, एसी लावा, आणि तुम्ही बाहेर झोपा."

उकडलेल्या पालकासारखी झाली शेवटी ती रोपं. आता कुणी मला विचारलं तर मी छातीवर हात ठेवून सांगतो, प्रिमरोज मद्रासला होत नाही. पुस्तक वाचून सांगणारे वेगळे, मी बर्फ घालून सांगतोय.

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसली नाही, चांगल्या स्वभावाची आहे. तिनं आमची जमीन दाखवा म्हटलं. मी फोन खाली धरला. पायाखालची माती पाटासारखी सपाट, चकचकीत, कडक.

"बाबा, हे कोण झाडतं?"

"तुझी आई. रोज पहाटे. आणि ती नसली तर मी."

"माझ्याकडे पानं कुणी उचलत नाही. पडतात तिथेच कुजतात. ती फुलं त्या कुजलेल्या पानांत वाढतात, मातीत नाही."

फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसून खाली बघत राहिलो. आमच्या साताऱ्याकडच्या माणसाला एक गोष्ट जन्मतः शिकवलेली असते, की उठलं की अंगण झाडायचं. काडी राहता कामा नये. इथली तमिळ माणसंही तशीच. खराटा, पाण्याचा सडा, मग त्यावर कोलम, म्हणजे आपली रांगोळी. आमच्या मागच्या दाराशी ही रोज तेच करायची, आणि दारापुरतं न थांबता झाडाखालची सगळी पट्टी झाडून काढायची. तूंगुमूंजी पानं टाकायचं, ही ती गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत भरायची. झाड रोज जमिनीला जेवायला वाढत होतं आणि आम्ही रोज पान उचलून फेकत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खराटा उचलून पलंगाखाली टाकला.

हिनं घरभर शोधला. सापडला तेव्हा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय?"

"झाडाखाली झाडायचं नाही. पोंगलपर्यंत."

"अहो, शुद्धीवर आहात का? अंगण झाडायचं नाही म्हणजे? घरात कोणी गेलंय का?"

"जमिनीला पांघरूण पाहिजे."

"जमिनीला पांघरूण आणि मला लोकांच्या तोंडाला तोंड द्यायला लावा."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. म्हणजे बोलली, पण इंग्लंडातल्या नातीच्या फोटोकडे बघून. "सांग तुझ्या आजोबांना, चहा झालाय." शेवटी तह झाला. मागच्या दारासमोरचा एक चौकोन तिचा. तो ती झाडणार, सारवल्यासारखा करणार, तिथे रांगोळी काढणार. त्याच्यापलीकडे खराटा जायचा नाही. मी कबूल केलं. त्या वेळी मला त्या चौकोनाचं काही वाटलं नाही.

पानांचा थर साचायला लागला. वर चिकट शेंगा पडायला लागल्या. लोक चालताना पाय उचलून टाकायचे. हिला वाटलं होतं तेच झालं, फक्त तिला वाटलं त्याच्याही पुढे गेलं.

आमच्यावर दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात, माझ्याच वयाच्या. तंजावरच्या मराठी. त्यांचं घराणं तिकडे किती पिढ्या आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांचं मराठी आमच्यासारखं नाही. जुनं, हेल तमिळचा, मधे मधे तमिळ शब्द. आम्ही इथे नवे होतो तेव्हा मला ते गाण्यासारखं वाटायचं आणि अर्थ मागून लागायचा. मी त्यांना अक्का म्हणतो, त्या मला अण्णा म्हणतात. त्या एका सकाळी झाकलेलं पातेलं घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. चेहरा पडलेला. आत येऊन खाली बसल्या. ही पाणी घेऊन आली तर त्यांनी हिचा हात धरला.

"ऊरात कोण वारले?" त्यांनी हळूच विचारलं. ऊर म्हणजे गाव.

ही माझ्याकडे बघायला लागली. मी अक्कांकडे.

"कोणी नाही, अक्का."

"मग झाडणे नाही कशाला? पाचोळा पडलाय इतके दिवस. मी म्हटले, सुतक असेल. अण्णा बोलत नसतील, मानी माणूस आहे. चूल पेटवली नसेल म्हणून मी सांबारसादम घेऊन आले."

ही तोंडाला पदर लावून आत गेली. रडायला नव्हे. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, मग तिच्या हसण्याचा.

मी अक्कांना सगळं सांगितलं. सेक्रेटरी, दिलेला शब्द, इंग्लंडचं फूल, बर्फ. त्या ऐकताना दोनदा "अय्यो" म्हणाल्या. मग सांबार-भाताच्या पातेल्याकडे बघून म्हणाल्या, "हे आता परत नेऊ काय?"

"ठेवा. सुतक नसलं तरी भूक आहे."

जाताना त्या मागच्या दारानं गेल्या. पायाच्या अंगठ्यानं पाचोळा बाजूला केला. खाली माती काळी आणि ओली झाली होती, भर उन्हाळ्यात. त्यांनी चिमटीत धरून नाकाजवळ नेली.

"आमच्या तंजावरच्या घरी विहिरीपाशी अशी माती होती," त्या म्हणाल्या. "तिथे वल्लारै असे. पाय ठेवायला जागा नाही."

वल्लारै आपल्याकडेही मिळते, काही जण तिला ब्राह्मी म्हणतात. लहान गोल पान, बेडकाच्या पायासारखं कातरलेलं. अक्कांच्या बाल्कनीत, जिथे कपड्यांचं पाणी गळतं त्या कुंडीत, ती नको तेवढी माजली होती. त्यांनी मूठभर दिली. मी ती झाडाखाली पाचोळ्यात खोचली आणि कुणाला काही सांगितलं नाही. एकदा तोंड पोळलं होतं.

पण वल्लारै ही पोरगी वेगळी निघाली. हिला बर्फ नको, गोणपाट नको. आंघोळीचं पाणी दिलं तरी पुरे. जमिनीवरून लाल दोऱ्यासारखे धागे पळायचे, वीत वीत अंतरावर थांबून मूळ धरायचे, तिथून पुढे पुन्हा पळायचे. पावसाळा आला, आमचा इकडचा, दिवाळीच्या सुमाराचा, तेव्हा तूंगुमूंजी पानं मिटून उभं राहायचं आणि सगळं पाणी हिच्या डोक्यावर. रस्त्यावर गुडघ्याएवढं पाणी होतं तेव्हाही आमच्या मागच्या पट्टीवर ते उभं राहिलं नाही. जमिनीनं पिऊन टाकलं. मी खुर्चीत छत्री धरून बसून ते बघितलं आहे.

मग चोऱ्या सुरू झाल्या. सकाळी बघावं तर मधेच टक्कल. पानं देठासकट खुडलेली. मला वाटलं गाय. नुंगंबाक्कमच्या कंपाउंडात गाय कुठून येणार? मी खुर्ची दाराआड लावून बसलो. पहाटे आली ती सेक्रेटरीची बायको. पदराची झोळी करून निवांत खुडत होती.

"अम्मा," मी बाहेर येऊन म्हणालो, "हे काय चाललंय?"

तिनं वर बघितलं, दचकली नाही. "तुवैयल करायला. नातवाची परीक्षा आहे. वल्लारै खाल्ली की डोकं चालतं." तुवैयल म्हणजे यांची घट्ट चटणी.

"तुमच्या घरात डोकं कमी पडतं हे मला माहीत आहे. पण माझी जमीन उघडी पडतेय."

"तुमची जमीन?" ती हसली. "पेरियवरे, कुठून खुडली ते आठवड्यानं येऊन दाखवा मला. सापडलं तर मी चटणी परत करते."

खरं सांगायचं तर आठवड्यानं ती जागा मला सापडली नाही. खुडलेल्या देठाच्या बाजूनं दोन नवी पानं आली होती. पण हे मी तिला सांगायला गेलो नाही. पुढे सगळ्या मजल्यांवरच्या बाया यायला लागल्या. मी खुर्चीवरून देखरेख करायचो. एका जागी सगळं खुडू नका, पसरून खुडा, म्हणून ओरडायचो. त्या ओरडणं ऐकून घ्यायच्या आणि दुपारी वाटीभर चटणी पाठवायच्या. आमच्याकडे डिसेंबरात इतकी तुवैयल खाल्ली गेली की मुलगा म्हणाला, आता मला तिसरीतले पाढेसुद्धा आठवायला लागले.

मारगळी, म्हणजे पोंगलच्या आधीचा तमिळ महिना, संपत आला. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी. मुळांच्या खोबणीतसुद्धा पानं. फक्त एक जागा सोडून.

मागच्या दारासमोरचा चौकोन. हिचा. झाडलेला, सारवलेला, उघडी माती.

पोंगल चार दिवसांवर आला तेव्हा मी तिच्याशी विषय काढला. म्हणालो, "तेवढी जागा लावून टाकतो. चार दिवसांत धरेल. पोंगल झाला की काढून देतो."

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "तुम्ही मला काय म्हणाला होतात?"

"म्हणालो होतो. पण मी त्याला म्हणालो होतो, माती दिसणार नाही."

"मग दोघांना शब्द दिलात. आता बघा कुणाचा मोडायचा तो."

"अगं, तिथे ब्लॉक घालतील. माझी खुर्ची जाईल."

"सणाच्या दिवशी दारात रांगोळी नाही, असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही. खुर्ची जाऊ दे. मी स्टूल देते बसायला."

मी बाहेर जाऊन बसलो. वल्लारैचे धागे चौकोनाच्या कडेपर्यंत आले होते आणि ही रोज ते नखानं उलटे वळवून ठेवायची, तोडायची नाही. मला ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आत कुदळ होती. तेवढ्या जागेवर ती फिरवायला पाच मिनिटं लागली असती. मी ती आत तशीच ठेवली. भट्टीवर एक गोष्ट कळते. लोखंड ओतायला घेतलं की मधे हात आखडता येत नाही. हरायचं तर हरायचं, पण अर्धवट नाही.

पोंगलच्या सकाळी मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि मागचं दार उघडलं.

हिनं चौकोनभर रांगोळी काढली होती. अक्का तिच्या शेजारी पाठ वाकवून ठिपके जोडत होत्या. चौकोनाच्या मधोमध विटांची चूल मांडलेली, आणि चुलीपुढे सेक्रेटरीची बायको, ओले केस, नवी साडी. चुलीवरच्या मडक्याच्या गळ्यात हळदीचं रोप बांधलेलं. बाकी मजल्यांवरच्या बाया भोवती उभ्या. इतकी वर्षं सगळ्या आपापल्या गॅसवर कुकरमध्ये पोंगलचा गोड भात करायच्या.

"हे काय?" मी हिला मराठीत विचारलं.

"त्यांनी विचारलं. पोंगल मातीवर करतात म्हणे, उघड्यावर. सगळ्या आवारात माती इथेच आहे. मी हो म्हटलं. जागा माझी आहे ना?"

तेवढ्यात सेक्रेटरी आला, पांढरी वेष्टी नेसून. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्यानं आठवण करून द्यायची वेळ मी येऊ देत नाही.

"सार, माती दिसतेय," मी म्हणालो. "ती बघा, तेवढी. शब्द म्हणजे शब्द. चूल उचलायला सांगा आणि तुमचे ब्लॉक मागवा. मी खुर्ची नेतो."

तो पट्टीकडे बघत राहिला. टोकापर्यंत. मग चौकोनाकडे. त्याची बायको मडक्यात गूळ घालत होती. तिनं मागे न वळता नुसती पळी थांबवली.

"ही माती कुठे आहे, पेरियवरे?" तो शेवटी म्हणाला. "हा तर कोलम आहे."

"माती आहे," मी म्हणालो. "मी खोटं जिंकत नाही."

"बरं, आहे. मग एवढ्याच जागेवर ब्लॉक घालू. तुम्ही हिला सांगा."

मी त्याच्या बायकोकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे, मग अक्कांकडे. तिघी आमच्याकडे बघत होत्या. भट्टीसमोरून मी कधी मागे सरकलो नव्हतो. इथे मात्र मी दोन पावलं मागे सरकलो.

"तुम्ही सेक्रेटरी," मी म्हणालो. "तुम्हीच सांगा."

दूध उतू गेलं. बाया ओरडल्या, "पोंगलो पोंगल." दूध विटांवरून ओघळून मातीत गेलं आणि जमिनीनं तेही पिऊन टाकलं. ब्लॉकचं त्या दिवशी कुणी बोललं नाही, त्यानंतरही नाही. गाड्या पुढच्या गल्लीत लागतात, आणि ज्यांना लांब चालावं लागतं ते माझ्याकडे बघून चालतात. मीही त्यांच्याकडे बघतो.

मुलीनं फोनवर ती पट्टी पाहिली. म्हणाली, "बाबा, फूल नाही आलं ना एकही." मी म्हटलं, "तुझ्या फुलाची चटणी होते का?"

हिचे गुडघे आता दुखतात. पहाटे तिचा चौकोन मी झाडतो. खराटा पलंगाखाली नाही, दारामागे असतो. चौकोनाच्या कडेशी आलो की वल्लारैचे धागे मी नखानं उलटे वळवतो, तोडत नाही. त्याच्यापलीकडे खराटा नेत नाही.